उत्सवाच्या रंगमंचावरील मूर

नाट्य म्हटले की संघर्ष आला आणि संघर्ष म्हटला की प्रतिपक्ष आला. नायकाची तलवार अडवणारी दुसरी तलवार रंगमंचावर नसेल, तर पहिली म्यानातच गंजून जायची. गावोगावच्या लोकनाट्यांनी हे शास्त्र कोणत्याही ग्रंथावाचून ओळखले आहे. तेव्हा प्रतिपक्ष असावा की नसावा, हा वाद व्यर्थ आहे. तो कोण असावा, त्याच्या तोंडी काय घालावे आणि खेळ संपताना त्याची वाट काय लावावी, हे विचार करण्याजोगे प्रश्न आहेत. ख्रिस्ती जगाच्या फार मोठ्या भागात, आश्रयदात्या संतांच्या सणाला होणाऱ्या लोकनाट्यांत, हा प्रतिपक्ष शतकानुशतके एकच राहिला आहे. तो म्हणजे मूर. स्पेनमधील डोंगराळ गावांपासून केरळच्या किनाऱ्यापर्यंत आणि पुढे फिलिपाइन्सच्या बेटांपर्यंत तो दरवर्षी भरजरी पोशाख घालून येतो, गर्जना करतो, लढतो आणि ठरल्याप्रमाणे हरतो. या पात्राकडे वाङ्मयाच्या आणि श्रद्धेच्या अशा दोन्ही दृष्टींनी पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. उत्तर आफ्रिकेतील मॉरेतानिया या रोमन प्रांताच्या रहिवाशांना लॅटिनमध्ये 'माउरी' म्हणत. इ. स. ७११ मध्ये आफ्रिकेतून मुसलमान सैन्य स्पेनमध्ये उतरले. तेव्हापासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत जवळजवळ आठ शतके त्या द्वीपकल्पात ख्रिस्ती आणि मुसलमान कधी शेजारी म्हणून, तर कधी शत्रू म्हणून नांदले. या काळात 'मूर' या शब्दातला प्रांत पुसला जाऊन धर्म तेवढा उरला. पुढे पोर्तुगीज दर्यावर्दींनी हा शब्द आपल्या गलबतांतून पूर्वेकडे आणला. १४९८ मध्ये कालिकतला पोहोचल्यावर त्यांना तेथे जे अरब, गुजराती आणि मापिळा व्यापारी भेटले, ते सारे त्यांच्या लेखी मूरच ठरले. १५३४ मध्ये ज्याच्याकडून त्यांनी वसई मिळवली, तो गुजरातचा सुलतान बहादूरशाहही त्यांच्या दप्तरात मूरच होता. श्रीलंकेच्या जनगणनेत तेथील मुसलमानांच्या एका मोठ्या समाजाची नोंद आजही 'मूर' अशीच होते. मॉरेतानियाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही, अशा माणसांना एका शब्दाने एकाच पोशाखात उभे केले. हा शब्दच मुळी एक मुखवटा आहे, ही गोष्ट रंगमंचाकडे वळण्यापूर्वी ध्यानात ठेवलेली बरी.

या उत्सवांपैकी सर्वांत प्रसिद्ध उत्सव स्पेनच्या आलिकान्ते प्रांतातील आल्कॉय या नगरीचा. संत जॉर्ज हे तिचे आश्रयदाते. परंपरेने एप्रिलच्या २२, २३ आणि २४ या तारखांना हा सोहळा रंगतो. पहिल्या दिवशी सकाळी ख्रिस्ती आणि दुपारी मूर वाजतगाजत नगरात प्रवेश करतात. दुसरा दिवस संताचा; त्या दिवशी मिस्सा आणि मिरवणूक. तिसऱ्या दिवशी लढाई. नगरात अशी २८ पथके आहेत, १४ मुरांची आणि १४ ख्रिस्ती लोकांची. मुख्य चौकात लाकडी किल्ला उभारलेला असतो. मुरांचा वकील घोड्यावरून किल्ल्यापाशी येतो, काव्यमय भाषेत किल्ला मागतो, नकार ऐकतो आणि परततो. मग बंदुकांचे बार सुरू होतात, दारूच्या धुराने आकाश काळवंडते आणि मूर किल्ला घेतात. दुपारी हाच प्रकार उलट होतो. ख्रिस्ती वकील येतो, नकार ऐकतो, पुन्हा बार झडतात आणि किल्ला परत मिळतो. संध्याकाळी किल्ल्याच्या तटावर संत जॉर्जच्या वेषात एक लहान मुलगा प्रकट होऊन बाण सोडतो. येथे खेळ संपतो.

समीक्षकाच्या दृष्टीने या रचनेत एक गुण डोळ्यांत भरतो, तो तिच्या समतोलाचा. दोन्ही पक्षांना सारखी पथके, सारखे वकील, सारखी भाषणे आणि एकेक विजय दिलेला आहे. सकाळचा मूर वकील हा कोणी राक्षस नव्हे. तो मुत्सद्दी आहे, वक्ता आहे आणि त्याच्या मागणीमागे काही युक्तिवाद आहे. दुसरी गोष्ट त्याहून गमतीची. वैभव मुरांच्या वाट्याला अधिक आले आहे. पिसांचे तुरे, रेशमी झगे, संथ लयीत हेलकावत जाणाऱ्या रांगा यांमुळे मुरांचा प्रवेश हा उत्सवाचा कळस ठरतो. त्यांच्यासाठी 'मूर संचलन' नावाचा स्वतंत्र संगीतप्रकार निर्माण झाला. अंतोनियो पेरेस व्हेर्दू यांची १९०७ मधील रचना त्याचा आरंभ मानली जाते. ख्रिस्ती पथकांसाठी तसा वेगळा संगीतप्रकार आला तो अमांदो ब्लांकेर यांच्या १९५८ मधील रचनेपासून, म्हणजे अर्धशतकानंतर. जो शत्रू म्हणून रंगवला, त्याचेच गाणे आधी सुचले. लोकमनात तिरस्काराच्या शेजारी केवढे आकर्षण वस्तीला असते, याचा हा पुरावा मानावयास हरकत नाही.

इतके श्रेय दिल्यावर दोषाकडे वळणे भाग आहे. आल्कॉयचा खेळ १२७६ मधील एका घटनेवर उभा आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात अल-अझ्रक नावाच्या मुसलमान सरदाराने नगरावर हल्ला केला, त्यात तो मारला गेला आणि संत जॉर्जने नगर राखले, अशी श्रद्धा रूढ झाली. 'अझ्रक' म्हणजे निळा. निळ्या डोळ्यांमुळे त्याला हे नाव पडले, असे सांगतात. आता हा अल-अझ्रक कोण होता? आफ्रिकेच्या वाळवंटातून चालून आलेला कोणी परका? नव्हे. आल्कॉयपासून थोड्या अंतरावरच्या डोंगरदऱ्यांत जन्मलेला तो भूमिपुत्र होता. आरागोनच्या राजघराण्याशी त्याने केलेला तह अरबी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लिहिलेला आजही उपलब्ध आहे. पुढे संघर्ष झाला, त्याला देश सोडावा लागला आणि म्हातारपणी आपल्या डोंगरात परतून तो लढता लढता पडला. म्हणजे जो खेळात किल्ला 'मागायला' येतो, तो इतिहासात आपले घर परत मागायला आला होता. ही वस्तुस्थिती वकिलाच्या भाषणात उतरली असती, तर त्या लाकडी किल्ल्यासमोर शोकांतिका उभी राहिली असती. ती उतरत नाही. नाट्य म्हणून हा त्या खेळाचा तोटा आहे, इतिहासाचा तर आहेच.

खेळ आणखी एका गोष्टीविषयी मौन पाळतो. या लोकनाट्यांच्या संपूर्ण कुळात शेवट बहुधा दोनपैकी एक असतो. मूर मरतो, किंवा मूर बाप्तिस्मा घेतो. दुसरा शेवट अधिक गोड मानला जातो. गुडघे टेकलेला मूर राजा, मस्तकावर पडणारे पाणी, वाद्यांचा गजर आणि सर्वांचे आलिंगन. परंतु स्पेनच्या इतिहासात बाप्तिस्म्यानंतर काय झाले? सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथील मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांतून निवड करावयास लावली गेली. बाप्तिस्मा घेतलेल्यांना 'मोरिस्को' म्हणू लागले. ते चर्चच्या नोंदवहीत ख्रिस्ती होते, त्यांची मुले ख्रिस्ती म्हणून जन्मली आणि ख्रिस्ती म्हणून वाढली. तरीही १६०९ मध्ये राजाज्ञा निघाली. पहिला घाव व्हॅलेन्सिया राज्यावर, म्हणजे ज्या मुलखात आल्कॉय येते तेथेच, पडला. पुढच्या काही वर्षांत संपूर्ण स्पेनमधून सुमारे ३ लाख मोरिस्को जहाजांत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडण्यात आले. ज्यांच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले होते, त्यांनाही मूरच समजले गेले. रंगमंचावरील आलिंगन खरे मानायचे तर इतिहासातील ही जहाजे खोटी ठरवावी लागतील. धर्मगुरू या नात्याने आम्हांस या लोकनाट्यांतील हीच जागा सर्वाधिक बोचते. येथे संस्काराचा उपयोग पडदा पाडण्यापुरता झाला आहे. बाप्तिस्मा ही एका नव्या जीवनाची सुरुवात आहे, असे आपण शिकवतो. या खेळात ती शत्रू संपवण्याची एक पद्धत झाली आहे.

याच प्रदेशातील काही गावांत उत्सवाच्या शेवटी 'ला माओमा' नावाचा भव्य पुतळा आणण्याची प्रथा होती आणि काही ठिकाणी त्याच्या मस्तकात दारू भरून ते उडवून देत. नावावरूनच त्यातील रोख कळतो. २००६ मध्ये बोकाइरेन्त या गावाने मस्तक उडवण्याचा भाग स्वतःहून गाळला. डेन्मार्कमधील व्यंगचित्रांवरून जगभर वादंग माजल्याचा तो काळ होता. भयापोटी परंपरा सोडली, अशी टीका तेव्हा झाली. आमचे मत निराळे आहे. वकिलांची भाषणे काढली तर खेळ लंगडा होईल. मस्तक उडवणे काढल्याने खेळाचे काहीच बिघडले नाही. ज्या गोष्टीवाचून नाट्य उणे होत नाही आणि जिच्यामुळे शेजाऱ्याचे काळीज मात्र चिरते, ती परंपरा म्हणून जपावी असे तिच्यात काय आहे?

आता आपल्या देशाकडे येऊ. केरळच्या किनाऱ्यावरील लॅटिन कॅथोलिक समाजाने 'चविट्टुनाटकम्' नावाची नाट्यकला पोर्तुगीज काळापासून जोपासली आहे. 'चविट्टु' म्हणजे पाय आपटणे. लाकडी रंगमंचावर पात्रे गात गात अशा जोराने पाय आपटतात की तो रंगमंचच पखवाजासारखा बोलू लागतो. भाषा तमिळमिश्रित, शिक्षकाला 'अण्णावी' किंवा 'आशान' म्हणावयाचे, पोशाख मखमली आणि मुकुट युरोपीय राजांचे. या परंपरेतील सर्वांत गाजलेले नाटक 'कारलमान चरितम्'. चिन्नतंबी अण्णावी हे त्याचे कर्ते मानले जातात आणि पूर्वी हे नाटक अनेक रात्री चालत असे. कारलमान म्हणजे फ्रँकांचा सम्राट शार्लमेन. सोबत त्याचे वीर रोलदान आणि ऑलिव्हर. प्रतिपक्षात महाकाय फेराब्रास आणि त्याची बहीण फ्लोरिपेस.

ही कथा केरळात पोहोचली कशी? बाराव्या शतकात फ्रान्समध्ये फिएराब्रासवर एक वीरकाव्य रचले गेले. पुढे त्याची गद्य रूपे झाली, सोळाव्या शतकात ती स्पॅनिशमध्ये छापली गेली आणि जहाजांबरोबर जगभर पसरली. पोर्तुगालच्या उत्तरेस नेव्हेस येथे दरवर्षी ५ ऑगस्टला फ्लोरिपेसचे नाटक होते. आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर संत लॉरेन्सच्या सणाला हीच फ्लोरिपेस गावाच्या रस्त्यांतून वावरते. एकच कथा तीन खंडांत सणाची झाली, ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु तिच्या पायाशी असलेला इतिहास पाहिला की आश्चर्य वाटते. शार्लमेन ७७८ मध्ये स्पेनमध्ये गेला तो बार्सिलोनाच्या मुसलमान सुभेदाराच्या निमंत्रणावरून. परतताना रोन्सव्हॉच्या खिंडीत त्याच्या पिछाडीवर हल्ला होऊन रोलांद मारला गेला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड हल्लेखोरांचे नाव सांगतो, ते बास्क होते. मूर नव्हते. तीन शतकांनंतरच्या काव्यांनी बास्कांच्या जागी मूर उभे केले. उलट बगदादचा खलिफा हारून-अल-रशीद याच्याशी शार्लमेनचे स्नेहाचे संबंध होते. खलिफाने त्याला अबुल-अब्बास नावाचा हत्ती भेट दिला आणि तो ८०२ मध्ये आखेनला पोहोचला. केरळच्या माणसाला हत्तीचे अप्रूप काय सांगावे! ज्या रंगमंचावर कारलमान मुरांविरुद्ध पाय आपटतो, त्या रंगमंचावर खलिफाचा हत्ती यायला हवा होता. तो आला नाही, कारण नाटकाला शत्रू हवा होता. आणि किनाऱ्यावर शत्रू तयार होता. सोळाव्या शतकभर पोर्तुगीज आरमार आणि सामुरीचे कुंजाली मरक्कार यांच्यात समुद्रावर झुंज चालली. अखेरचा कुंजाली १६०० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती पडला आणि गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. त्या शतकातल्या प्रेक्षकाला फेराब्रास पाहताना फ्रान्स आठवत असेल की कालिकतचा धक्का, हे सांगावयास नको.

कथेतील दोन पात्रांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. फेराब्रास बलाढ्य आहे, पण उदारही आहे. ऑलिव्हरशी द्वंद्व करताना तो जखमी शत्रूला औषध देऊ करतो. हरल्यावर तो ख्रिस्ती होतो. त्याची बहीण ख्रिस्ती वीरावर प्रेम करते, बंदिवान वीरांना सोडवते आणि आपल्या पित्याच्या विरुद्ध उभी राहते. मूळ फ्रेंच काव्यात शेवटी वृद्ध अमीर बाप्तिस्मा नाकारतो. फिएराब्रास पित्यासाठी विनवण्या करतो. फ्लोरिपेस मात्र त्याला मारण्यास उशीर का लावता, असे विचारते. तीच कथेची नायिका ठरते. येथे आमचा आक्षेप स्पष्ट आहे. या कथेच्या लेखी चांगला मूर म्हणजे जो मूर राहत नाही तो, आणि चांगली मूर कन्या म्हणजे जी पित्याच्या मृत्यूची घाई करते ती. आईबापांचा मान राख, ही आज्ञा आपल्या दहा आज्ञांत आहे. ती मुराच्या मुलीला लागू नाही काय? सणाच्या रात्री मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आईने आपल्या मुलीला या फ्लोरिपेसविषयी काय सांगावे? आमच्या मते या कथेत मानवतेचा खरा क्षण फिएराब्रासचा आहे. धर्म बदलला तरी पिता पिताच राहतो, हे त्या राक्षसी देहाच्या पात्राला कळते. कथेला मात्र ते कळत नाही.

फिलिपाइन्समध्ये या खेळाचे परिणाम अधिक तीव्र झाले. तेथे स्पॅनिश लोकांनी मिंदानाओच्या मुसलमानांना 'मोरो' म्हटले. १६३७ मध्ये गव्हर्नर कोर्कुएरा याने सुलतान कुदरात याच्यावर विजय मिळवला, तेव्हा त्या प्रसंगावर एका येशूसंघीय धर्मगुरूने लिहिलेले नाटक मनिलात झाले. पुढे 'मोरो-मोरो' किंवा 'कोमेद्या' हा प्रकार गावोगावच्या सणांत रुजला. संगीताच्या तालावर लढाया, राजकन्या, मुरांचा पराभव, बाप्तिस्मा आणि विवाह. उत्तरेतील ज्या ख्रिस्ती शेतकऱ्याने आयुष्यात मुसलमान पाहिला नव्हता, त्याने तो प्रथम रंगमंचावर पाहिला, आणि पाहिला तो असा. दक्षिणेतील संघर्षाची कारणे जमिनीची, सत्तेची आणि दारिद्र्याची होती. नाटकाने तो संघर्ष निर्माण केला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि शेजारी म्हणजे काय याचे पहिले चित्र ज्या पडद्यावर उमटते, त्या पडद्याची जबाबदारी मोठी असते. आज त्या देशात सुलतान कुदरात राष्ट्रीय वीर गणला जातो, त्याच्या नावाचा प्रांत आहे. आणि ज्यांना हिणवून 'मोरो' म्हटले, त्यांनी तेच नाव अभिमानाने धारण केले. २०१९ मध्ये स्थापन झालेला त्यांचा स्वायत्त प्रदेश 'बांगसामोरो', म्हणजे मोरोंचे राष्ट्र, या नावानेच ओळखला जातो.

या सर्व परंपरेचा पहिला मोठा समीक्षक स्पेनमध्येच जन्मला, याचा आम्हांस आनंद वाटतो. मिगेल दे सेर्व्हांतेस हा स्वतः १५७५ ते १५८० अशी पाच वर्षे अल्जियर्समध्ये मुसलमानांच्या कैदेत होता. मुरांचा द्वेष करावयास त्याच्याइतके सबळ कारण फार थोड्यांना असेल. तरी त्याने काय लिहिले पाहा. 'डॉन किहोटे'च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात एक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे. शार्लमेनच्या परिवारातील एक वीर मुरांच्या कैदेतून आपल्या पत्नीला सोडवून नेत आहे आणि मूर पाठलाग करीत आहेत. डॉन किहोटे आधी एक खरी समीक्षकाची हरकत घेतो: मुरांच्या मशिदीत घंटा कशा वाजतील? आणि मग भान हरपून, तलवार उपसून, पुठ्ठ्याच्या मुरांची खांडोळी करतो. खेळवाला गरीब माणूस रडू लागतो, कारण त्याचे पोट त्या बाहुल्यांवर होते. अखेर डॉन किहोटेला प्रत्येक फुटक्या बाहुलीची किंमत मोजून द्यावी लागते. रंगमंचावरील शत्रूला खरा मानणाऱ्याची यापेक्षा मार्मिक थट्टा आम्ही वाचलेली नाही. त्याच भागात पुढे सांचो पान्साला त्याचा जुना शेजारी रिकोते भेटतो. हा हद्दपार झालेला मोरिस्को, वेष पालटून परत आलेला. दोघे रस्त्याच्या कडेला बसून खातात-पितात आणि रिकोते जन्मभूमीच्या विरहाचे दुःख सांगतो. सांचो त्याला पकडून देत नाही. पुठ्ठ्याचा मूर आणि शेजारचा मूर, हे दोन्ही एकाच ग्रंथात ठेवून सेर्व्हांतेसने आपले म्हणणे मांडले आहे.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. हे सारे करमणुकीचे खेळ आहेत, लोक भोळ्या भावाने करतात, इतके मनावर का घ्यावे? आपल्या कोकणातल्या दशावतारात संकासुर येतोच ना? काळा पोशाख, लोंबती लाल जीभ, विनोदी बोलणे. मुले आधी भितात आणि मग त्याच्याच मागे लागतात. त्याने कोणाचे काय बिघडले? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. लोक मुराचा झगा हौसेने घालतात आणि त्याच्या गाण्यावर डोलतात, हे आम्ही वर मान्य केलेच आहे. परंतु संकासुर आणि मूर यांत एक भेद आहे. संकासुराचे घर कोणत्याही आळीत नाही. त्याची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत येत नाहीत. मुराचे घर आहे, त्याची मुले शाळेत येतात आणि सणाच्या दिवशी ती कदाचित रंगमंचासमोर उभीही असतात. पुराणातल्या दैत्याला मारल्याने कोणाचे सुतक लागत नाही. जिवंत समाजाच्या नावाने उभे केलेले पात्र दरवर्षी मारले गेले, तर त्या समाजाला दरवर्षी काहीतरी ऐकवले जात असते.

आपण ख्रिस्ती लोकांनी हे चटकन ओळखावे, कारण हा अनुभव आपलाही आहे. हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती माणूस म्हणजे हातात बाटली, तोडकेमोडके हिंदी आणि शेवटी खलनायकाचा हस्तक, असे साचे वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यावर आपण नापसंती दर्शवली आणि ते योग्यच केले. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे आपणांस वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभू येशूचा दंडक रंगमंचाला अपवाद करीत नाही.

ख्रिस्तसभेची भूमिकाही या बाबतीत आता संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात मुसलमानांविषयी आदर व्यक्त केला आहे आणि शतकांची भांडणे मागे टाकून परस्परांना समजून घेण्याचे आवाहन आहे. २०१९ मध्ये अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर एकत्र स्वाक्षरी केली. आणि त्याच्या बरोबर आठशे वर्षे आधी, १२१९ मध्ये, धर्मयुद्ध ऐन भरात असताना, असिसीचे संत फ्रान्सिस निःशस्त्र होऊन इजिप्तच्या सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेले होते. सुलतानाने त्यांचे ऐकून घेतले आणि सुखरूप परत पाठवले. ना सुलतानाने बाप्तिस्मा घेतला, ना संताने धर्म सोडला. नाट्यदृष्ट्या पाहिले तर मरण आणि बाप्तिस्मा यांखेरीज तिसरा शेवटही असू शकतो, याचे हे उदाहरण आहे. शत्रू म्हणून समोर आलेला माणूस पाहुणा म्हणून निरोप घेतो.

जुनी नाटके बदलता येतात काय? येतात. क्रोएशियातील कोर्चुला या कॅथोलिक नगरात संत थिओडोरच्या सणाला, २९ जुलैला, 'मोरेश्का' नावाचे तलवारनृत्य होते. एक काळा राजा आणि एक पांढरा राजा एका युवतीसाठी लढतात. पण काळा राजा मूर आहे आणि जिंकणारा पांढरा राजा तुर्क आहे! दोन्ही पक्ष मुसलमान. धर्मयुद्ध केव्हाच गळून पडले आणि नृत्य राहिले. दुसरे उदाहरण जर्मनीतील ओबरआमरगाउचे. तेथे १६३४ पासून नवसाने चालत आलेल्या दुःखसहनाच्या नाटकात ज्यू लोकांचे चित्रण अत्यंत विखारी होते. गेल्या काही दशकांत तेथील गावकऱ्यांनी संहिता पुन्हा पुन्हा तपासली, ज्यू विद्वानांचे म्हणणे ऐकले आणि येशू स्वतः ज्यू होता हे रंगमंचावर ठळक केले. २०२२ च्या प्रयोगात यहूदाची भूमिका गावातल्याच तुर्की वंशाच्या मुसलमान तरुणाने केली. नवस मोडला नाही, नाटकही बंद पडले नाही.

आमच्या धर्मग्रामांच्या रंगमंचावर मूर हे पात्र सहसा दिसत नाही. परंतु उपवासकाळातील दुःखसहनाची नाटके, संतचरित्रांवरील प्रयोग, सणाच्या रात्रीच्या एकांकिका आपल्याकडेही होतात. त्यांत कधी ज्यू पुरोहित, कधी सुलतान, कधी कोणा अन्य समाजाचा माणूस प्रतिपक्ष म्हणून येतो. अशा संहिता निवडताना आणि बसवताना चार साध्या कसोट्या लावाव्यात, असे आम्ही सुचवतो. प्रतिपक्षाच्या पात्राला स्वतःचे नाव आहे काय, की त्याच्या जातीचे वा धर्माचे नाव हेच त्याचे नाव? तो जे करतो त्यामागे त्याचे काही कारण प्रेक्षकाला ऐकू येते काय? बाप्तिस्म्याचा किंवा कोणत्याही संस्काराचा उपयोग केवळ शेवट गोड करण्यासाठी तर झालेला नाही? आणि चौथी कसोटी सर्वांत सोपी: त्या समाजातील आपल्या ओळखीच्या कुटुंबाला पहिल्या रांगेत बसवून हा प्रयोग करण्याची आपली तयारी आहे काय?

या कसोट्यांनी नाटक बेचव होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आल्कॉयचा वकील बोलतो म्हणून तो आजही ऐकावासा वाटतो. दारूने उडालेले मस्तक कोणाच्या स्मरणात राहत नाही. प्रतिपक्षाला माणूस केले की नायकाचेही कस लागतो. येत्या सणासाठी नाटक निवडणाऱ्या आमच्या तरुण मंडळांनी संहिता हाती घेताना प्रथम नायकाची भाषणे वाचू नयेत, खलनायकाची वाचावीत. ती पोकळ निघाली, तर दुसरी संहिता शोधावी. आणि हाती दुसरी नसेल, तर त्या पात्राला बोलण्यासारखे काही लिहून द्यावे. आमच्या गावांतून लेखणी धरणारे हात पुष्कळ आहेत.